एनक्लेक्स: आधी कोणाला बघाल?
रोज दीडशे-दोनशे प्रश्न सोडवा, एनक्लेक्स (अमेरिकेत नर्सचा परवाना मिळवायची परीक्षा) निघते, असं सांगतात, ते मला अर्धंच पटतं. आपल्याकडच्या बीएस्सी नर्सिंगच्या मुली औषधं-आजारांत कमी पडत नाहीत. अडतात त्या 'आधी कोणाला बघाल' आणि 'कोणतं काम कोणाला सांगाल' इथे. अमेरिकेत आरएन (नोंदणीकृत नर्स), एलपीएन (तिच्या हाताखालची परवानाधारक नर्स) आणि सहायक अशी उतरंड असते. स्थिर पेशंटचा बीपी सहायकाने घेतला तर चालतं, पण पहिली तपासणी आणि घरी सोडतानाचं समजावणं आरएननेच करायचं. आपल्या वॉर्डात सगळंच सिस्टरच्या गळ्यात, त्यामुळे हा विचार करायची वेळच येत नाही.

ज्युनिअर मुलींना मी हमखास विचारते: सीओपीडीचे (फुफ्फुसांचा जुनाट आजार) आजोबा, रक्तातला ऑक्सिजन ९० टक्के, आणि थायरॉइडचं ऑपरेशन झालेली बाई, श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज. बऱ्याच जणी आकडा बघून आजोबांकडे धावतात. अगं, त्यांना ९० चालतं, हिचा श्वासमार्ग बंद होतोय! आणि 'लागू असतील ते सर्व निवडा' या प्रकारच्या प्रश्नांत एप्रिल २०२३ पासून अर्धवट बरोबर उत्तरालाही गुण मिळतात खरे, पण चुकीचा पर्याय निवडला की कापलेही जातात. उगाच सगळ्या पर्यायांवर टिक करू नका.