शाळकरी मुलांसोबत किटचं विमान बांधायचं आहे: किट आणि कामाची पद्धत सुचवा

पंखवेडा:
नववी ते बारावीची चौदा मुलंमुली आणि आम्ही पाच मोठे. पाचांत एक परवानाधारक विमान मेकॅनिक आहेत, एक वैमानिक. उरलेल्या आम्हा तिघांची हयात कारखान्यात गेली, पण विमानाला हात लावलेला नाही. जागा मिळाली आहे. दर शनिवारी चार तास काम करायचं ठरलं आहे. दोन आसनांचं, साधं, खरोखर उडणारं विमान हवं आहे. किट कोणतं घ्यावं? मुलांच्या हाती किती काम द्यावं? आणि बारावीची मुलं निघून गेली की काम अडतं का? ज्यांनी केलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

पत्राकाम:
व्हॅन्स कंपनीचं आरव्ही-१२. शाळांच्या प्रकल्पांत ते बऱ्याचदा बांधलं गेलं आहे. त्यात पत्रे जोडायला बहुतेक पॉप रिव्हेट आहेत, म्हणजे एकाच बाजूने ओढून बसणाऱ्या खिळ्या. ठोकायच्या रिव्हेटला एकाने गन धरायची, दुसऱ्याने मागून लोखंडी ठोकळा टेकवायचा, आणि हात जरा हलला की पत्र्याला पोचा. नवख्यांना ते जड जातं. भोकं आधीच पाडलेली येतात, त्यामुळे भाग आपोआप सरळ जुळतात. शेपटी, पंख, धड असे टप्प्याटप्प्याने मागवता येतात. सुरुवात शेपटीपासून करा.

वाराफिरला:
झेनिथ कंपनीचं सीएच ७५० पण बघा. पंख वर, पत्रा, पॉप रिव्हेट. त्यांचं नुसत्या रडरचं, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या हलत्या भागाचं, किट वेगळं मिळतं. आधी तेवढंच बांधा. तुमचा गट टिकतो की नाही ते रडर पुरं होईपर्यंत कळेल, आणि नाही टिकला तरी फार अडकलेलं नसेल.

दुसरीपाळी:
आम्ही मुलांसोबत एक पुरं केलं, म्हणून जरा लांब लिहितो.

किटपेक्षा महत्त्वाचा प्रश्न तुमचा दुसरा आहे. ड्रिल कोणाच्या हातात? उत्तर एकच: मुलांच्या. हे पाळणं मोठ्यांना फार कठीण जातं. एकदा काम रेंगाळलं म्हणून मुलं गेल्यावर मी रात्री थांबून पंखाच्या दोन रिब, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आतल्या फासळ्या, बसवून टाकल्या. पुढच्या शनिवारी दहावीतली एक मुलगी नकाशा हातात धरून म्हणाली, "काका, या दोन्हींची कड उलट्या बाजूला आहे." तिचं बरोबर होतं. मग मुलांनीच ते रिव्हेट काढले: आधी मधली खिळी पंचने ठोकून बाहेर, मग डोक्यावर हलकी ड्रिल, भोक मोठं न होऊ देता. त्या दिवसापासून आमचा नियम झाला की मुलं नसताना विमानाला कोणी हात लावायचा नाही.

काम जोडीने द्या. एक जण नकाशातली ओळ मोठ्याने वाचेल, दुसरा करेल, अर्ध्या तासाने अदलाबदल. जोडीत एक जुना, एक नवा ठेवा, म्हणजे बारावीची मुलं गेली तरी त्यांचं शिकलेलं मागे राहतं. पहिले तीन-चार शनिवार टाकाऊ पत्र्यावरच घालवा: भोक पाडणं, बर (भोकाच्या कडेला उरलेली धातूची कच) काढणं, कडा कानशीने गुळगुळीत करणं. बर काढण्याचा मुलांना कंटाळा येतो. त्यांना भिंगातून खरबरीत कड दाखवा आणि सांगा की चीर इथूनच सुरू होते, विमान थरथरत राहतं तसतशी ती वाढत जाते. आमच्याकडे हे दाखवल्यावर कोणी टाळाटाळ केली नाही.

पत्र्यावर पेन्सिलने खूण करू देऊ नका. पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटच्या रेघेपाशी ॲल्युमिनियम गंजतं. मार्कर द्या. क्लेकोंचे (रिव्हेट बसेपर्यंत भोकांतून पत्रे तात्पुरते धरून ठेवणाऱ्या चिमट्यांचे) रंग पहिल्याच दिवशी पाठ करून घ्या: ३/३२ इंचाची रुपेरी, १/८ची तांब्याच्या रंगाची.

बिघडलेला भाग लपवला जाऊ नये याची काळजी सगळ्यात आधी घ्या. ज्याच्या हातून बिघडलं त्याने स्वतःहून सांगितल्यावर आमच्याकडे आधी शाबासकी, मग नवीन भागाची मागणी त्यानेच लिहायची. कंट्रोलच्या जोडण्या, इंधन, ब्रेक, इंजिन इथे मात्र मुलांनी टॉर्क पाना (ठरावीक जोराने आवळायचा पाना) फिरवल्यावर तुमच्या मेकॅनिकनी स्वतः तपासायचं, नटावर रंगाची रेघ मारायची आणि वहीत दोघांची सही. त्यात सूट नाही.

कागदपत्र:
दुसरीपाळींच्या वहीला जोडून. अमेरिकेत हौशी बांधणीच्या वर्गात नोंद करायची तर विमानाचा मोठा भाग स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा छंदासाठी बांधणाऱ्यांनीच केलेला असावा लागतो. ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात तो हाच. पैसे देऊन करून घेतलेलं काम त्यात धरत नाहीत. तुमच्या देशातला नियम किट मागवण्याआधी लेखी विचारून घ्या. फोटो प्रत्येक शनिवारी काढा, आणि त्यात काम करणारे हात दिसू द्या.

एक गोष्ट मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. हौशी बांधणीच्या त्या वर्गात चाचणी उड्डाणांचे तास पुरे व्हावे लागतात, नेहमीचा आकडा ४० तासांचा, आणि तोवर प्रवासी नेता येत नाही. विमान तयार झालं की लगेच बसायला मिळेल असं त्यांच्या मनात असतं.

पत्राकाम:
ही कल्पना जुनी आहे बरं का. शिकागोच्या सेंट रीटा शाळेतल्या मुलांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली ईएए बायप्लेनचा, म्हणजे हौशी विमान बांधणाऱ्यांच्या ईएए या अमेरिकी संघटनेच्या, एकावर एक पंख असलेल्या विमानाचा, पहिला नमुना बांधला होता. ते १९६० मध्ये उडालं.

पंखवेडा:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल पाचही जण बसलो. रडरपासून सुरुवात, आणि मुलं नसताना काम बंद हा नियम सर्वांना मान्य. मेकॅनिक काकांना तो ऐकून सर्वांत जास्त आनंद झाला. एकच विचारायचं राहिलं: चौदा मुलांना एकाच वेळी काम कसं पुरवायचं?

दुसरीपाळी:
पुरत नाही. एका भागाभोवती चार हात पुष्कळ होतात. सात-सात मुलांचे दोन गट करा, आलटून पालटून शनिवार द्या. आलेल्या सातांत दोन जोड्या विमानावर, एक जोडी सुट्या भागांची मोजदाद आणि बर काढणं, उरलेला एक वही आणि कॅमेरा सांभाळेल. वहीवाला दर वेळी बदला.