आईला दिलेलं स्टिरॉइड मलम लावायचं की नाही?

महालची लेक:
आई ६८ वर्षांची. खालच्या जागी सतत खाज, रात्री तर झोपच नाही. बुरशीच्या गोळ्या, मलमं सगळं झालं. शुगर नॉर्मल. शेवटी रामदासपेठेतल्या एका बाई डॉक्टरांनी नीट बघून लायकेन स्क्लेरोसस (खाज येऊन कातडी पांढरी पडण्याचा त्वचारोग) सांगितलं आणि क्लोबेटासोल या स्टिरॉइडचं मलम दिलं. पत्रकावर मात्र ‘गुप्तांगाला लावू नये’ असं छापलंय! आईने ट्यूब कपाटात टाकली. कातडी पांढरी पडलीय म्हणून तिच्या डोक्यात कोडच बसलंय. घरात भाऊ, त्यामुळे सगळं कुजबुजत. काय करू?

प्रतापनगरच्या आजी:
अगं, लावू दे तिला. मी ७१ ची, मलाही हेच आहे. हे कोड नाही आणि कुणाला लागतही नाही. पत्रकातला इशारा मनाने लावणाऱ्यांसाठी असतो. या आजारात डॉक्टर मुद्दाम हेच देतात. न लावल्यास योनीचे आतले ओठ चिकटत जातात, वाट अरुंद होते, लघवीलाही त्रास होतो.

मला असं सांगितलं होतं: पहिला महिना रोज रात्री, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्यातून दोनदा. तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, त्याहून जास्त नको. ३० ग्रॅमची ट्यूब तीन महिने पुरायला हवी. हातात आरसा धरून पांढऱ्या जागेवरच लावायचं. लाज कसली, आपलंच अंग! खाज गेली तरी पांढरेपणा राहू शकतो, तेव्हा रंग बघून ‘गुण नाही’ म्हणू नका.

आणि अँटिसेप्टिक टाकून धूत असाल तर ते बंद करा. साबणही नको. आमच्या वयात शिंकलं तरी थेंब गळतो, ती ओल फार चिडवते. म्हणून साधं व्हॅसलीन दिवसा लावून ठेवायचं. नायलॉनच्या चड्ड्या बोहारणीला द्या.

त्वचारोग विभागातली निवासी डॉक्टर:
आजींचं बरोबर आहे, पण वेळापत्रक आईच्या डॉक्टरांचंच पाळा. दुकानात स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली मलमं मिळतात, ती नकोत. न भरणारी जखम, गाठ, जाड झालेला भाग किंवा औषधाला दाद न देणारा चट्टा दिसला तर बायोप्सी (कातडीचा छोटा तुकडा काढून तपासणं) लागते. कर्करोगाचा धोका ५ टक्क्यांहून कमी, पण आहे. म्हणून बरं वाटलं तरी निदान वर्षातून एकदा तपासणी. पाळीनंतरच्या कोरडेपणासाठी इस्ट्रोजेनचं मलम असतं, ते वेगळं. त्याने हा आजार आटोक्यात येत नाही.

वर्धा रोडवाली:
माह्या सासूबाईले असंच आहे, पण पुरुष डॉक्टर म्हटलं का त्या उठतच नाहीत बाप्पा.

निवासी डॉक्टर:
डॉक्टर पुरुष असले तर तपासणीच्या वेळी सोबत बाई असण्याचा हक्क आहे. आत जातानाच सांगा.

महालची लेक:
आजी, आईने ट्यूब काढलीय. एकच विचारते: या ४५ अंशांत व्हॅसलीनने अजून घाम येणार नाही का?

प्रतापनगरच्या आजी:
पातळ थर द्यायचा गं, थापायचं नाही. लघवीनंतर साध्या पाण्याने धुऊन, टिपून परत लावायचं. रात्री मात्र मलम आधी, आणि व्हॅसलीन लावायचंच तर अर्ध्या तासाने.