शब्दचर्चा : गोड नायिका सालस, सोज्वळ की मिळमिळीत?

प्रश्न

प्रेमकथांच्या मांगा (जपानी चित्रकथा) आणि ॲनिमेवर (जपानी ॲनिमेशन) मराठीत लिहिताना एका शब्दापाशी नेहमी अडते. स्वभावाने गोड, कोणाला न दुखवणारी, स्वतःसाठी काही न मागणारी नायिका असली की तिला काय म्हणायचं? आतापर्यंत मी ‘सोज्वळ’ लिहीत आले. पण ‘फ्रूट्स बास्केट’ या मांगाची नायिका तोरू होंदा हिला सोज्वळ म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मालिकेतली पदर सावरणारी सून उभी राहते. ‘मिळमिळीत’ म्हणावं तर तोरूवर अन्याय होतो. ‘अळणी’, ‘सपक’, ‘गुळचट’ हेही शब्द आहेत, पण ते एकमेकांच्या जागी चालतील असं वाटत नाही. आणि शब्दाच्या आड एक प्रश्न आहेच : अशी नायिका प्रेमकथा पेलते का?

प्रतिसाद

सोज्वळ म्हणजे स + उज्ज्वल. मूळ अर्थ उजळ, स्वच्छ. शालीनता, खाली मान, हळू आवाज हे सगळं त्याला नंतर चिकटलं. आज ‘सोज्वळ भूमिका’ म्हटलं की त्यात वेशभूषासुद्धा येते, म्हणून तुमची अडचण खरी आहे. ‘अळणी’ मिठाशी बांधलेला आहे (अ + लवण) : पदार्थ नीट शिजलाय, फक्त मीठ राहिलंय. ‘सपक’मध्ये पाणी जास्त झालंय. ‘मिळमिळीत’ त्याहून वाईट, कारण तो चवीपेक्षा धमक नसण्याबद्दल बोलतो. मिळमिळीत भाषण, मिळमिळीत निर्णय असं आपण सहज म्हणतो. ‘गुळमुळीत’ मात्र या यादीत नको. गुळमुळीत उत्तर देणारा माणूस हुशार असतो, त्याला फक्त बांधून घ्यायचं नसतं.

प्रतिसाद

मला स्वतःला या नायिका गुळचट वाटतात आणि त्यात मला काही चुकीचं दिसत नाही. ‘हाना योरी दांगो’ ही मांगा १९९२ मध्ये ‘मार्गारेट’ नियतकालिकात सुरू झाली. तिची नायिका माकिनो त्सुकुशी छळ करणाऱ्या श्रीमंत दोम्योजीला ठोसा लगावते आणि तिथून गोष्ट पेट घेते. त्सुकुशी हे नावच एका रानटी तणाचं, कितीही तुडवलं तरी उगवणारं. तिच्या शेजारी ‘आ! माय गॉडेस’मधली बेल्डँडी ठेवून बघा. १९८८ ते २०१४, ४८ खंड. केइइची हा कॉलेजातला मुलगा चुकीचा नंबर फिरवतो, देवी प्रकटते, तो म्हणतो तुझ्यासारखी देवी कायम माझ्याजवळ राहावी, आणि ती राहते. तिथे ती राहते ती त्याच्या इच्छेमुळे. तिची स्वतःची इच्छा मला फार उशिरापर्यंत सापडत नाही. हिला मी मिळमिळीतही म्हणणार नाही, कारण ती समर्थ आहे. गोडमिट्ट म्हणेन.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादातला ‘इच्छा’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. गोडपणा आणि इच्छा नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण त्या एकाच विशेषणात कोंबतो, म्हणून शब्द सापडत नाही.

तोरूसाठी माझा शब्द ‘सालस’. सालस माणूस मऊ असतो, पण त्याला स्वतःचं मन असतं. ‘गरीब गाय’ म्हणताना आपण ते मन वजा करतो. तोरू बरोबरीच्या मुलांशीसुद्धा अदबीच्या जपानीत बोलते, म्हणजे आपल्याकडे वर्गातल्या मैत्रिणीला अहो-जाहो करावं तसं. सुरुवातीला हा नुसता गोडवा वाटतो. पुढे कळतं की ही बोलण्याची ढब तिच्या वडिलांची होती. ते गेल्यावर आई दुःखात पार हरवली, तीही आपल्याला सोडून जाईल या भीतीने लहानग्या तोरूने वडिलांसारखं बोलायला सुरुवात केली. म्हणजे ज्याला आपण सपकपणा म्हणत होतो ती एका लहान मुलीची आईला धरून ठेवायची धडपड होती. हे वाचल्यावर मागचा तिचा प्रत्येक नम्र संवाद वेगळा ऐकू येतो, आणि मांगाकार नात्सुकी ताकाया यांच्या लेखनाचं मोठेपण मला इथेच दिसतं.

प्रेमकथेचा पेचही यातूनच येतो. गोष्टीतला नायक क्यो याच्यावर प्रेम करायचं म्हणजे मेलेल्या आईला मनातल्या पहिल्या जागेवरून हलवायचं, आणि तोरूला ते पाप वाटतं. बाहेरून क्योच्या घराण्यावरचा शाप वगैरे आहेच, पण खरी अडचण तिच्या आत आहे. अशी नायिका प्रेमकथा पेलते का, याचं माझं उत्तर ठाम ‘हो’ आहे.

एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. मांगा १९९८ ते २००६ चालली, २३ खंड झाले. पहिलं ॲनिमे २००१ चं, २६ भागांचं. मांगा अर्ध्यावरही नसताना ते संपलं. त्यामुळे त्या ॲनिमेतली तोरू बरीचशी हसरी, मदतीला धावणारी मुलगी एवढीच उरते. २०१९ ते २०२१ मधल्या नव्या ॲनिमेने गोष्ट शेवटपर्यंत नेली. तोरूला अळणी म्हणणाऱ्याने कोणती तोरू पाहिली हे आधी विचारावं. जुनीच पाहिली असेल तर ‘अळणी’ हा शब्द त्या मर्यादेत बरोबर आहे : मीठ मांगाच्या पुढच्या खंडांत होतं.

‘किमि नि तोदोके’ची सावाको यातच मोजतात, पण ती भिडस्त आहे. ‘रिंग’ या भयपटातल्या सादाको या भुताच्या नावावरून वर्ग तिला चिडवतो, घाबरतो, आणि ती कोणाला त्रास नको म्हणून बाजूला राहते. ‘भिडस्त’मध्ये नकार देता न येणं गृहीत आहे. म्हणूनच कुरुमी ही वर्गमैत्रीण तिला काझेहाया या दोघींना आवडणाऱ्या मुलाच्या बाबतीत मदत मागते आणि सावाको नाही म्हणते, तो प्रसंग मला कोणत्याही ठोशाइतका जोरदार वाटतो. आरडाओरडा नाही, अपमान नाही. भिडस्त मुलीने पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी राखून ठेवलं, बस.

धागाकर्ती

सालस आणि भिडस्त, दोन्ही पटले. पण मग खरोखर रिकाम्या असणाऱ्या नायिकांचं काय? आणि ‘सोशिक’ कुठे बसवायचा? ‘माय हॅपी मॅरेज’मधली मियो पहिल्या भागापासून माफी मागत असते.

प्रतिसाद

सोशिक हा स्वभावापेक्षा परिस्थिती सांगणारा शब्द आहे. सोसायला काहीतरी लागतं. मियोला सावत्र आईने आणि बहिणीने घरात मोलकरणीसारखं वागवलं, म्हणून ती सोशिक झाली. होणारा नवरा कियोका याच्या घरात सोसणं थांबतं, तरी माफी मागायची सवय राहते. गोष्ट त्या सवयीबद्दल आहे, त्यामुळे तिथे ‘सोशिक’ अगदी चपखल. तोरूलाही पुष्कळ सोसावं लागलं, पण तिची ओळख सोसण्यातून होत नाही.

रिकाम्या नायिकेसाठी मी ‘कोरी’ वापरेन. ‘ॲम्नेशिया’ बघा. २०११ चा ओतोमे खेळ (मुलींसाठीचा, प्रेमकथेचा व्हिडिओ गेम), २०१३ मध्ये ॲनिमे. नायिकेची स्मृती गेलेली आणि तिला नावसुद्धा नाही. खेळात हे मुद्दाम केलेलं असतं : खेळणारी मुलगी स्वतःचं नाव घालते, पर्याय ती निवडते, त्या कोऱ्या जागेत ती स्वतः बसते. ॲनिमेत निवड करणारं कोणी उरत नाही. प्रेक्षक बाहेर, नायिका आत, आणि तिच्या जागी कोणीच नाही. नायक तिला इकडून तिकडे नेतात आणि ती जाते. हिला मिळमिळीत म्हणून दोष देण्यात अर्थ नाही, दोष रूपांतर करणाऱ्यांचा.

प्रतिसाद

‘ओरे मोनोगातारी’ची यामातो रिंको अजून कोणी घेतली नाही. ती केक-बिस्किटं करून आणणारी, बुटकी, हसरी, म्हणजे यादीतल्या सगळ्या खुणा जुळतात. नायक ताकेओ तिला इतकी पवित्र समजतो की तिला हात लावायचा नाही असं ठरवून टाकतो. इकडे रिंको घाबरलेली, की मला तर त्याचा हात धरायचाय, हे कळलं तर त्याला मी आवडेनाशी होईन. शेवटी ती हे त्याला बोलून दाखवते. ‘सोज्वळ’ हा शब्द आज ज्या अर्थाने वापरतात, त्याच अर्थाचं ओझं या मुलीवर आहे आणि ती ते उतरवून ठेवते. परीक्षणात तिला पुन्हा सोज्वळ लिहिलं तर आपण ताकेओचीच चूक करू. मी तिला ‘लाघवी’ म्हणेन. लाघवी माणसाला समोरचा आपलासा व्हावा असं वाटत असतं, आणि रिंकोला ते पहिल्या भेटीपासून वाटतंय. ताकेओलाच उशिरा कळतं.