उघड्या हवेतला प्लाझ्मा: चमकतो आणि विझतो, काचही तडकली

काचपट्टी
१ मिमी पॉलीप्रॉपिलीन शीटवर इपॉक्सी धरत नाही, नखाने सोलून निघतं. प्लाझ्माने पृष्ठभाग चिकटण्याजोगा करायचाय, म्हणून हवेतच डीबीडी (इलेक्ट्रोडांमध्ये काचेसारखा विद्युतरोधक ठेवून होणारा डिस्चार्ज) जोडलंय: ५० × ५० मिमीचे दोन ॲल्युमिनियम इलेक्ट्रोड, वरच्या इलेक्ट्रोडखाली २ मिमी काच, मग १ मिमी हवा, खाली शीट. सप्लाय जुन्या टीव्हीच्या फ्लायबॅकचा (पिक्चर ट्यूबला उच्च व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर). चालू करताच क्षणभर लखलखतं आणि विझतं. व्होल्टेज वाढवलं तर कोपऱ्यावर जाड ठिणगी, तिथेच काच तडकली. चुकतंय कुठे?

ठिणगी_शोधक
त्या फ्लायबॅकच्या पोटात डायोड असतो, म्हणजे तुम्ही डीसी देताय. काचेवर आणि शीटवर चार्ज साचतो, फटीतलं व्होल्टेज खाऊन टाकतो आणि डिस्चार्ज थांबतो. डीबीडीला एसीच हवं: १०–२० किलोहर्ट्झ, बिनडायोडचा फेराइट ट्रान्सफॉर्मर.

व्होल्टेजचा हिशेब असा. १ मिमी हवा साधारण ४.५ किलोव्होल्टला फुटते. जाडीला डायइलेक्ट्रिक स्थिरांकाने (काच ६, शीट २.२) भागा: काच म्हणजे २/६ = ०.३३ मिमी हवेइतकी, शीट १/२.२ = ०.४५. एकूण १.७८ मिमी, म्हणून पीक ८ किलोव्होल्ट लागतील. हाताशी १० ठेवा.

नीलप्रभा
काच तडकली ती कडेमुळे. इलेक्ट्रोडच्या धारदार कोपऱ्यावर फील्ड एकवटतं. कडा ३ मिमी गोल करा आणि काच चारही बाजूंनी २५ मिमी बाहेर ठेवा, नाहीतर ठिणगी वळसा घालून जाते. शिवाय धातू नुसता काचेवर टेकवला असेल तर मधल्या बारीक पोकळीतही डिस्चार्ज होतो, पॉवर तिथे वाया जाते आणि काच तापते. काचेच्या पाठीला थेट सिल्व्हर पेंट लावा. फट सगळीकडे सारखी हवी, आणि शीट हळूहळू सरकवत राहा. साचलेल्या चार्जमुळे ठिणग्या जुन्याच जागा धरतात.

काचपट्टी
पॉवर किती आणि वेळ किती द्यायचा?

ठिणगी_शोधक
अर्थच्या बाजूला सिरीजमध्ये १० नॅनोफॅरड फिल्म कपॅसिटर घाला. त्यावरचं व्होल्टेज गुणिले कपॅसिटन्स म्हणजे चार्ज. ऑसिलोस्कोपवर तो वाय-अक्षावर, एचव्ही (उच्च व्होल्टेज) प्रोबचं व्होल्टेज एक्सवर. स्क्रीनवर समांतरभुज चौकोन दिसेल. त्याचं क्षेत्रफळ गुणिले फ्रीक्वेन्सी म्हणजे वॅट. सुमारे १ वॅट प्रति चौ. सेमी आणि ५–१० सेकंदांपासून सुरुवात करा.

नीलप्रभा
आधी शीट आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसा. प्लाझ्मानंतर शीटवर पाण्याचा थेंब पसरला म्हणजे जोड पक्का होईलच असं नाही. जास्त वेळ दिला तर वरच्या साखळ्या तुटून सैल थर बनतो आणि इपॉक्सी त्या थरासकट उचकटतं. तपासायला एक तुकडा पाण्याने धुऊन वाळवा आणि पुन्हा थेंब टाका. आता तो गोळा होत असेल तर वेळ कमी करा. परिणाम काही दिवसांत ओसरतो, म्हणून इपॉक्सी त्याच दिवशी लावा.

ओझोनकडे दुर्लक्ष नको. कामाच्या जागी मर्यादा ०.१ पीपीएम आहे, आणि नाकाला वासाची लवकर सवय होते, तेव्हा वासावर विसंबू नका. पंख्याने हवा थेट बाहेर काढा. नळी पीटीएफईची (टेफ्लॉन) घ्या, नैसर्गिक रबराला भेगा पडतात. बंद केल्यावरही काचेवर चार्ज उरतो. आधी अर्थ केलेली दांडी टेकवा, मगच हात लावा.