विषय: ८ नोव्हेंबरचं पुष्पचक्र आणि त्यावरची नावं

प्रेषक: कार्यवाह

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबर २०२६ चा दुसरा रविवार ८ तारखेला येतो आणि त्याच दिवशी लक्ष्मीपूजन आहे. म्हणजे इथल्या, ब्रिटनमधल्या युद्धस्मारकावरचा रिमेंब्रन्स संडे (युद्धात पडलेल्यांचा स्मरणदिन) आणि आपल्या मराठी मंडळाचं दिवाळी संमेलन एकाच दिवशी. कौन्सिलने या वेळी मंडळालाही पुष्पचक्र वाहायला बोलावलं आहे. समितीकडे आलेल्या सूचना अशा: कार्डावर ‘मराठा वीरांना मानवंदना’ लिहावं, बालविभागाने केलेलं ‘हॅपी रिमेंब्रन्स डे’ पोस्टर लावावं, तुतारी वाजवावी, अध्यक्षांनी सध्याच्या युद्धांवर पाच मिनिटं बोलावं आणि पाच मराठी सैनिकांची नावं वाचावीत. नावं कोणती घ्यायची? मुंबईतल्या सभासदांनी मार्ग दाखवावा.

प्रेषक: अण्णा, गिरगाव

कार्यवाह आणि मंडळी,

पाच नावं वाचायची सूचना सोडून बाकीच्या सगळ्या मागे घ्या, असं स्पष्टच सांगतो. ११ वाजता दोन मिनिटं स्तब्धता असते, बिगुलावर लास्ट पोस्ट ही मृतांच्या मानवंदनेची धून वाजते, ध्वज झुकतात. तिथे तुतारी शोभत नाही, टाळ्याही नाहीत. ‘हॅपी’ तर अजिबात नको, तो मेलेल्यांचा दिवस आहे. अमेरिकेतल्या नातेवाइकांचे मेसेज पुढे ढकलताना हाच घोळ होतो. तिथे मे महिन्याचा शेवटचा सोमवार, मेमोरियल डे, हा धारातीर्थी पडलेल्यांचा; ११ नोव्हेंबरचा व्हेटरन्स डे हा सेवा केलेल्या सगळ्यांचा, विशेषतः हयात असलेल्यांचा. तिथे माजी सैनिकाला त्या दिवशी धन्यवाद म्हणतात. ब्रिटनमध्ये तसं करत नाहीत. ‘छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही मराठा लाइट इन्फन्ट्रीची रणगर्जना आहे, ती मोकळ्या आवाजात द्यायला ४ फेब्रुवारीचा मराठा दिन आहे. सिंहगड घेतल्याची आठवण म्हणून रेजिमेंट तो दिवस पाळते. मंडळाने तो आपल्या हॉलमध्ये जरूर करावा.

आता नावं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले दोन मराठी वीर सगळ्यांना ठाऊक असतात, आणि दोघांची नावं एका दमात वाचली जातात. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबरच्या वरच्या खोऱ्यात पडले. त्यांची कबर नाही, नाव कसिनोच्या स्मारकावर आहे. ते वाचा. नामदेव जाधवांनी मात्र ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना पाठीवर घेऊन पाण्यातून आणलं आणि ते जिवंत परतले. १९८४ मध्ये वारले. मृतांच्या यादीत त्यांचं नाव घालणं चूक आहे.

उरलेली चार नावं प्रसिद्ध नसावीत असं मला वाटतं. सभासदांच्या तालुक्यांतली असावीत: चिपळूण, खटाव, पाटण, मंडणगड. ती सापडतात, पण शोधायची रीत आहे.

दोन्ही महायुद्धांतल्या मृतांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर शोध घ्या. पहिली अडचण अशी, की हिंदी शिपायांचं अख्खं नाव पुष्कळदा आडनावाच्या रकान्यात असतं. तुम्ही नाव एका चौकटीत आणि आडनाव दुसऱ्या चौकटीत घातलंत की उत्तर शून्य येतं आणि माणूस समजतो, नोंदच नाही. दोन्ही चौकटी रिकाम्या सोडा. आधी हिंदी सैन्याच्या नोंदी निवडा, मग पलटण, मग वर्षांची मर्यादा. आलेली यादी स्प्रेडशीटमध्ये उतरवून घ्या आणि ‘अधिक माहिती’च्या रकान्यात जिल्हा शोधा: रत्नागिरी, सातारा, कुलाबा. बापाचं नाव, गाव आणि तालुका बहुधा तिथेच असतो. रायगड शोधलंत तर काही मिळणार नाही, तेव्हा जिल्हा कुलाबा होता.

स्पेलिंग कारकुनाच्या कानाप्रमाणे. जाधवच्या शेवटी कधी व्ही, कधी ओ. पवारमध्ये पी नंतर ए किंवा ओ. सावंत डब्ल्यूने, व्हीनेही. गावांचं तर विचारूच नका. म्हणून नावापेक्षा सर्व्हिस नंबर धरून चाला. पण तो एकट्याने पुरत नाही: तोच नंबर दुसऱ्या पलटणीतही असू शकतो, तेव्हा नंबर आणि पलटण ही जोडी जुळली पाहिजे.

पलटणींचे आकडे १९२२ मध्ये बदलले. १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या अनुक्रमे पहिल्या ते पाचव्या बटालियन झाल्या, ११४ ही दहावी. पहिल्या महायुद्धाचा माणूस ‘फिफ्थ मराठा’मध्ये शोधणारे तिथेच अडकतात. आणि फक्त मराठा पलटणी चाळू नका. १११ महार पलटण १९१७ मध्ये उभी राहिली. मराठी माणसं खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये होती, पायोनियरमध्ये होती, खेचरांच्या तांड्यांवर होती. कार्डावर ‘मराठी सैनिक’ लिहा, ‘मराठा’ नको. त्या एका अक्षराने किती घरं बाहेर राहतात पाहा.

घरात पदक असेल तर काम सोपं. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या आणि व्हिक्टरी मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. दर्शनी बाजूवर नाही, कडेवर, नाण्याच्या धारेवर असावी तशी. पदक उभं धरून बाजूने टॉर्चचा तिरका उजेड पाडा; समोरून पाडलात तर अक्षरं दिसत नाहीत. तरी वाचता आलं नाही तर कडेभोवती पातळ कागद गुंडाळून मऊ पेन्सिल आडवी फिरवा. चिंच, रांगोळी, पितांबरी लावून चकचकीत करू नका. दर दिवाळीला घासल्याने सगळ्यात आधी हीच अक्षरं जातात. साधारण १२ सेंटिमीटर व्यासाची काशाची मोठी चकती असेल तर ती मृताच्या घरी दिलेली. तिच्यावर नाव असतं, पण हुद्दा, नंबर, पलटण काही नसतं. तिच्यावरून एवढंच कळतं की घरातला माणूस गेला.

पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कूत शहरात अडकलेल्यांचं काम सगळ्यात कठीण. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून वेढा, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती, त्यानंतर वाळवंटातून चालवत नेलेले कैदी. वाटेत आणि तुर्की छावण्यांत मेलेल्यांच्या तारखा अंदाजे आहेत. तारीख जुळत नाही म्हणून नोंद बाजूला टाकू नका, नंबर पाहा. यांतल्या ज्यांची कबर माहीत नाही ते बसराच्या स्मारकावर येतात. तिथे ४० हजारांहून जास्त माणसांची आठवण आहे, पण बांधलं तेव्हा हिंदी शिपायांची नावं कोरलीच नव्हती. अधिकाऱ्यांची नावं आणि पुढे पलटणीगणिक आकडा. कमिशनने एप्रिल २०२१ मध्ये अहवाल काढून हा भेद मान्य केला: किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसं नावाने नोंदलीच गेली नाहीत किंवा अजिबात नोंदली नाहीत, मुख्यतः आफ्रिका आणि मध्यपूर्वेतली. आपल्याकडे गावागावांत संगमरवरी पाट्या आहेत, ‘या गावातून इतके गेले, इतके मेले’. त्यांवरही आकडाच. म्हणून नाव आणि गाव उच्चारून वाचणं मला इतकं महत्त्वाचं वाटतं.

कुणाचं नाव यादीत नसेल आणि घरी कागद असतील तर कमिशनला कळवता येतं. सेवेचा पुरावा लागतो आणि मृत्यू ठरलेल्या काळातला असावा लागतो: ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१, किंवा ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. घरी येऊन वारलेला माणूस असेल तर मृत्यूचं कारण नोकरीशी जोडणारा कागद लागेल. नुसती घरातली आठवण ते धरत नाहीत. वेळ लागतो; नोव्हेंबरपर्यंत होईल या भरवशावर राहू नका.

प्रेषक: ताई, मुलुंड

अण्णांनी खेचरवाल्यांपर्यंत सगळे घेतले, खलाशी राहिले. आणि मुंबईने युद्धात सगळ्यात जास्त काय दिलं असेल तर खलाशी.

मशीद बंदरच्या खलाशी गृहात पहिल्या महायुद्धाचं स्मारक आहे, समुद्राशिवाय कबर नाही अशा दोन हजारांहून जास्त खलाशांचं. दुसऱ्या महायुद्धाच्या नोंदींची दोन सारखी पुस्तकं केली, एक मुंबईला आणि एक चितगावला. त्यांत सहा हजारांवर नावं, बहुतेक व्यापारी जहाजांवरची. रत्नागिरी, दापोली, खेडकडचे कोकणी मुसलमान, गोव्याचे स्टुअर्ड आणि बटलर. लंडनच्या टॉवर हिलवर, म्हणजे तिथल्या व्यापारी खलाशांच्या स्मारकावर, ही नावं शोधू नका. कमिशनच्या यादीत शोधताना पलटणीच्या जागी ‘इंडियन मर्चंट नेव्ही’ घाला आणि मग जहाजाचं नाव. इथे सर्व्हिस नंबर बहुधा नसतो, जहाज हीच खूण. हुद्दे सारंग, टंडेल, लास्कर, फायरमन असे दिसतील. उदाहरण म्हणून ‘तिलावा’ घ्या. मुंबईहून आफ्रिकेला निघालेलं हे जहाज २३ नोव्हेंबर १९४२ ला जपानी पाणबुडीने बुडवलं, २८० जण गेले. त्यांत प्रवासीही होते. खलाशांची यादी वेगळी काढावी लागेल. पाचांतलं एक नाव खलाशाचं असावं, अशी माझी आग्रहाची विनंती. ते नाव बहुधा मुसलमान किंवा ख्रिस्ती असेल, आणि ते मराठी मंडळाने वाचावं हेच योग्य आहे.

सध्याच्या युद्धांवरच्या भाषणाबद्दल: नको. मंडळ नोंदणीकृत चॅरिटी असेल तर पक्षीय भूमिका घेता येतच नाही, आणि त्या व्यासपीठावर ज्या घरचा मुलगा गेला तेही उभे असतात. पण खलाशांचं संकट आजचं आहे. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले. ६ मार्च २०२४ ला ‘ट्रू कॉन्फिडन्स’वर क्षेपणास्त्र पडून तीन खलाशी मेले, ‘आयएनएस कोलकाता’ या भारतीय युद्धनौकेने एकवीस जणांना वाचवलं, त्यांत एक भारतीय होता. यासाठी भाषण लागत नाही. ३ सप्टेंबर हा ब्रिटनमध्ये मर्चंट नेव्ही डे आहे, त्या दिवशी व्यापारी जहाजांचं लाल निशाण चढवतात. मंडळाने तिथे हजर राहावं.

कुणाच्या घरातलं कुणी आत्ता जहाजावर असेल तर एवढं सांगून ठेवा. जहाज आयबीएफच्या (खलाशी युनियन आणि जहाजमालक यांच्या आंतरराष्ट्रीय मंचाच्या) करारातलं असेल आणि भाग ‘वॉरलाइक’, म्हणजे युद्धासारखा, म्हणून जाहीर झाला असेल, तर त्या भागात जायला नकार देता येतो आणि परतीचा खर्च कंपनीचा. गेलात तर मूळ पगाराइतका बोनस आणि मृत्यू-अपंगत्वाची भरपाई दुप्पट. करार लागू आहे का, हे सही करण्याआधी पाहायचं; बोर्डवर चढल्यावर विचारणाऱ्याच्या हातात फार काही उरत नाही. भागांची यादी बदलत असते, म्हणून मागच्या ट्रिपची माहिती चालवू नये. इथे मुंबईत युनियनकडे किंवा कांजूरमार्गला डीजी शिपिंगच्या (नौवहन महासंचालनालयाच्या) कार्यालयात चौकशी करता येते.

प्रेषक: युवा विभाग

अण्णा, ताई, पोस्टर रद्द. मुलांना आम्ही समजावतो. पुष्पचक्रात पॉपीऐवजी, म्हणजे स्मरणदिनाच्या लाल फुलाऐवजी, झेंडू चालेल का? दादरच्या फुलबाजारातून कुणी पाठवू शकेल?

प्रेषक: अण्णा, गिरगाव

झेंडू चालेल, आणि त्याला आधार आहे: दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनने ‘इंडिया रिमेम्बर्स’ उपक्रमात झेंडूच स्मरणाचं फूल म्हणून पुढे आणला. पण ‘ऐवजी’ नको. पॉपीचं नेहमीचं चक्र घ्या आणि खालच्या अर्ध्या भागात झेंडू गुंफा. दादरहून ताजी फुलं पाठवायच्या फंदात पडू नका, रोपं-फुलांच्या तपासणीचे नियम आहेत आणि चार दिवस डब्यात बंद राहिलेला झेंडू देठाकडून काळा पडतो. भगव्या-पिवळ्या खादीची फुलं शिवा. कापड आधी मिठाच्या पाण्यात भिजवून धुऊन बघा, कच्चा रंग पावसात पॉपीवर आणि स्मारकाच्या दगडावर उतरेल. फुलं सुती दोऱ्याने न ओवता बारीक तारेने बांधा, सुती दोरा भिजून सैल पडतो.

कार्ड पोस्टकार्डाएवढं, शाई न फुटणारी, चारही कडा बंद करून लॅमिनेट केलेलं. भोक लॅमिनेशनच्या कडेला पाडा, कागदातून पाडलंत तर तिथूनच पाणी शिरतं. मजकूर देवनागरीत आणि खाली इंग्रजीत: नंबर, हुद्दा, नाव, पलटण किंवा जहाज, गाव, वर्ष. बस.

पाच नावं जाहीर वाचायला मिळतील की नाही हे कौन्सिलला आत्ताच विचारा. बहुतेक ठिकाणी पुष्पचक्र वाहताना फक्त संस्थेचं नाव पुकारतात. नसेल परवानगी तर नावं कार्डावर राहतील आणि संध्याकाळी हॉलमध्ये वाचा. वाहणारा एकच असावा. चक्र ठेवायचं, एक पाऊल मागे, मान लववायची, वळायचं. खाली वाकून फोटोसाठी थांबायचं नाही. फेटा बांधायचा तर साधा, तुऱ्याचा लग्नातला नको.

प्रेषक: कार्यवाह

ठरलं. सकाळी १०:१५ ला स्मारकापाशी दोन प्रतिनिधी, बाकी सभासद कडेला. हॉल दुपारी ३ पासून. सूर्यास्त सव्वाचारच्या सुमारास, त्यानंतर लक्ष्मीपूजन, मग नावांचं वाचन, मग फराळ. फटाके कायद्याने त्या रात्री १ पर्यंत चालतात, पण आपण फक्त फुलबाज्या आणि भुईनळे आणणार आहोत. ११ तारखेला बुधवारी भाऊबीज आहे, तो युद्धविराम दिनही आहे, म्हणून त्या दिवशीही ११ वाजता दोन मिनिटं थांबता येईल. ओवाळणीची वेळ तशी ठरवा.

पाच जागांपैकी एक यशवंत घाडग्यांची, एक खलाशाची. उरलेल्या तिघांसाठी आपापल्या तालुक्यातलं नाव पाठवा: नंबर आणि पलटण यांच्यासकट, कमिशनच्या नोंदीच्या दुव्यासह. दुवा नसेल तर पदकाच्या कडेचा फोटो. १० ऑक्टोबरनंतर आलेलं नाव पुढच्या वर्षीच्या यादीत जाईल, कारण कार्ड छापण्याआधी अण्णा आणि ताई प्रत्येक नोंद पुन्हा तपासणार आहेत.