केलाँगजवळचा गुलाबी रानगुलाब कोणता?

प्रश्न
जुलैमध्ये हिमाचलच्या लाहौल भागातील केलाँगजवळ, भागा नदीकाठच्या दगडगोट्यांच्या उतारावर, दीडेक मीटर उंचीचे रानगुलाबाचे झुडूप दिसले. फुले गुलाबी, पाच पाकळ्यांची व बहुधा एकेकटी. पर्णिका (एका पानातली छोटी पाने) नखाएवढ्या, गोलसर. काटे सरळ आणि पिवळट होते. आदल्या दिवशी मनालीच्या वरच्या जंगलात पाहिलेल्या गुलाबी रानगुलाबाची झाडी मात्र याच्या दुप्पट उंच आणि पाने बरीच मोठी होती. जात एकच असून जागेमुळे एवढा फरक पडतो का?

प्रतिसाद १
माझ्या मते या दोन जाती आहेत. आपले केलाँगचे वर्णन रोझा वेबियानाशी नेमके जुळते. लडाखमध्ये हिलाच ‘सिया’ म्हणतात. जंगलातली रोझा मॅक्रोफायला असावी. तिच्या पर्णिका लांबट, खालून लवदार असतात आणि निदलांची (फुलामागच्या हिरव्या दलांची) टोके लांब वाढून पानासारखी पसरतात. फुलाच्या रंगावर मुळीच विसंबू नये, कारण दोघींचा गुलाबी रंग उन्हाप्रमाणे फिका-गडद होतो. छायाचित्र काढताना पानाची खालची बाजू आणि फुलामागची निदले अवश्य टिपावीत.

प्रतिसाद २
अधिवासही हेच सांगतो. मनाली आणि लाहौल यांच्यामधल्या रोहतांग खिंडीच्या दक्षिणेस मोसमी पाऊस भरपूर पडतो, तर पलीकडचे लाहौल पर्जन्यछायेत येते. महाबळेश्वराहून वाईला उतरताना जाणवतो तसाच हा फरक, फक्त येथे मधली भिंत ३,९७८ मीटर उंचीची आहे. वेबियाना कोरड्या, उघड्या उतारांवर, नदीकाठच्या वाळूगोट्यांत आणि शेतांच्या बांधांवर फोफावते. मॅक्रोफायलाला दमट जंगल आणि त्याच्या कडा मानवतात.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. जंगलातल्या फुलाच्या एका छायाचित्रात निदलांची पसरट टोके स्पष्ट दिसतात. पण त्याही खाली, कुलूच्या वाटेवर, झाडांवर चढलेला पांढऱ्या फुलांचा गुलाब होता, तो कोणता?

प्रतिसाद १
घोसाने फुलणारा आणि सुगंधी असेल, तर तो रोझा ब्रुनोनी. त्याचे कुक्षीवृंत (स्त्रीकेसरांचे दांडे) जुळून फुलाच्या मध्यभागी एक बारीक स्तंभ उभा राहतो, ही त्याची पक्की खूण. त्याचा दक्षिणेकडचा पांढरा नातलग, रोझा लेश्नॉल्टियाना, पाहायचा असल्यास निलगिरी किंवा पळणीच्या डोंगरांत जावे लागेल.

प्रतिसाद २
सप्टेंबरमध्ये पुन्हा लाहौलला जाणे झाल्यास वेबियानाची फळे पाहावीत: लालभडक, सुरईच्या आकाराची, आणि टोकाला निदले तशीच टिकून राहिलेली. ब्रुनोनीच्या लहान, तपकिरी फळांवरून मात्र ती गळून गेलेली असतात.