मॅक्लारेन एमपी४/४: १६ पैकी १५ शर्यती नेमक्या कशाच्या जोरावर?

चाकोरी:
१९८८च्या फॉर्म्युला वन हंगामात मॅक्लारेनच्या एमपी४/४ गाडीने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. त्याचा विषय निघाला की 'होंडाचं इंजिन, वर सेन्ना आणि प्रॉस्ट हे चालक, मग जिंकणारच' एवढ्यावर मिटवला जातो. पण तेच होंडा आरए१६८ई इंजिन लोटस संघाच्या १००टी गाडीतही होतं आणि ती चालवायला आदल्या वर्षीचा जगज्जेता नेल्सन पिके होता. लोटसला एकही शर्यत जिंकता आली नाही. इमोलाच्या शर्यतीच्या पात्रता फेरीत सेन्नाची वेळ १:२७.१४८, तिसऱ्या आलेल्या पिकेची १:३०.५००. इंजिन एकच आणि फेरीमागे ३.३ सेकंदांचा फरक! मग गाडीत वेगळं काय होतं? शिवाय प्रॉस्टचे एकूण गुण १०५, सेन्नाचे ९४, तरी विजेतेपद सेन्नाला कसं?

तिसरा_शाफ्ट:
इमोलाची तुलना अगदी योग्य निवडलीत. उत्तर गाडीच्या उंचीपासून सुरू होतं.

त्या वर्षी टर्बो (इंजिनात दाबाने जादा हवा भरणाऱ्या) गाड्यांना शर्यतीसाठी १५० लिटरच इंधन मिळायचं, १९८७ मध्ये १९५ मिळत होतं. म्हणजे चालकाच्या पाठीमागची टाकी ४५ लिटरने लहान करता आली. टाकी बुटकी झाली की चालकाला जवळजवळ आडवं झोपवता येतं. चालक आडवा झाला की हेल्मेट खाली येतं आणि मागच्या पंखावर स्वच्छ हवा पोहोचते. मॅक्लारेनचा तांत्रिक प्रमुख गॉर्डन मरी याने हाच विचार आधी १९८६च्या ब्रॅबम बीटी५५ मध्ये करून पाहिला होता. तिथे चार सिलिंडरचं उंच बीएमडब्ल्यू इंजिन ७२ अंशांत कलतं करावं लागलं आणि ते काही साधलं नाही. होंडाचं व्ही६ मुळातच बसकं होतं, त्यामुळे या खेपेला तीच कल्पना जमली. डिझायनर स्टीव्ह निकल्सच्या हाताखालच्या चमूने ती चॅसीत (गाडीच्या सांगाड्यात) उतरवली. श्रेय कोणाचं यावर वाद अजून चालतो, पण दोघांची नावं घेतल्याशिवाय ही गाडी सांगता येत नाही असं माझं मत आहे.

आता मागचा भाग. क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) किती खाली बसवता येईल हे क्लचच्या व्यासावर ठरतं, कारण क्लच गाडीच्या तळाला टेकता कामा नये. व्यास ४ सेंमीने कमी केला तर मध्यरेषा २ सेंमी खाली येते. पण मग नवी अडचण उभी राहते. नेहमीच्या दोन शाफ्टच्या गिअरबॉक्समध्ये शक्ती बाहेर पडण्याची जागाही तेवढीच खाली जाते. चाकाचा मध्य मात्र जागचा हलत नाही, म्हणून ड्राइव्हशाफ्ट (चाकांना शक्ती पोहोचवणारे दांडे) आतून बाहेर चढत्या कोनात फिरतात. सांधे कोनात फिरले की तापतात, झिजतात आणि शक्ती खातात. त्यावर तोडगा म्हणून तीन शाफ्टचा गिअरबॉक्स केला. मधला जादा टप्पा शक्तीला पुन्हा चाकाच्या उंचीवर आणतो. एक जादा दातेजोडी आली की थोडी शक्ती तिच्यात जाते, आणि फिरण्याची दिशाही उलटते. तिकडे दुर्लक्ष केलं तर गाडीला सहा रिव्हर्स आणि एक पुढचा गिअर मिळेल! म्हणून अशा रचनेत डिफरन्शियलचं (दोन्ही चाकांत शक्ती वाटणाऱ्या यंत्रणेचं) मोठं चक्र पिनियनच्या (त्याला फिरवणाऱ्या लहान चक्राच्या) दुसऱ्या बाजूला घ्यावं लागतं. जाते त्या शक्तीपेक्षा गुरुत्वमध्य खाली आल्याचा फायदा मोठा.

टोल्युइन:
वरचं सगळं मान्य, पण इंधनाची बाजू अर्धीच आली.

३०५ किमीला १५० लिटर म्हणजे लिटरला जेमतेम २ किमी. नियम लिटरमध्ये होता, किलोत नव्हता. होंडाने नेमका याचा उपयोग केला: ८४ टक्के टोल्युइन आणि १६ टक्के एन-हेप्टेन, ही दोन्ही हायड्रोकार्बन द्रव्यं. टोल्युइनची घनता ०.८७च्या आसपास, साध्या पेट्रोलची ०.७५. त्यामुळे प्रत्येक लिटरमागे ७-८ टक्के जास्त ऊर्जा पदरात पडते. टाकी भरली की साधारण १२-१३ किलो वजन जास्त होतं, ते परवडतं. हेप्टेन कशाला, तर ऑक्टेन (इंधन अवेळी पेट न घेण्याचा अंक) १०२च्या मर्यादेत बसवायला. एकट्या टोल्युइनने ती ओलांडली असती.

खोट एकच: टोल्युइन ११० अंशांना उकळतं, थंड असताना त्याची नीट वाफ होत नाही. थेंब सिलिंडरच्या भिंतीवर बसतात आणि न जळताच वाया जातात. म्हणून इंजेक्टरआधी इंधन ८० अंशांच्या आसपास गरम करायचे. शिवाय बूस्टची (टर्बोने भरलेल्या हवेच्या दाबाची) नियमातली मर्यादा ४ बारवरून २.५ वर आल्यावर होंडाने जुनं इंजिन नुसतं दाबून वापरलं नाही. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ७.४ वरून ९.४ ला नेलं. कमी बूस्ट, जास्त कॉम्प्रेशन, म्हणजे त्याच इंधनात जास्त काम. फेरारीचं टर्बो त्या वर्षी इंधनाच्या हिशोबात मागे पडलं ते इथेच.

फेरीमोजणी:
गुणांचं गणित सोपं आहे. १६ पैकी सर्वोत्तम ११ निकालच धरायचे, गुण ९-६-४-३-२-१. सेन्ना: ८ विजय (७२) आणि ३ दुसरे क्रमांक (१८), एकूण ९०. प्रॉस्ट: ७ विजय (६३) आणि ७ वेळा दुसरा. पण त्यातले ४ च धरता येतात (२४), म्हणून ८७. तीन दुसरे क्रमांक, म्हणजे १८ गुण, वजा झाले. या नियमात अकरा चांगले निकाल हाती आल्यावर दुसरं येण्याला फारशी किंमत नव्हती, दुसरं येणं किंवा बाद होणं जवळपास सारखंच पडायचं. प्रॉस्टवर अन्याय झाला असं मला वाटतं, पण नियम हंगामाआधीपासून सगळ्यांना माहीत होता.

हुकलेली सोळावी शर्यत मोंझाची, ११ सप्टेंबर. प्रॉस्टचं इंजिन अडखळत होतं तरी त्याने गाडी जोरात दामटली. त्याला मागे ठेवण्यासाठी सेन्नाने इंधन खर्चून टाकलं. प्रॉस्ट बाद झाल्यावर सेन्नाला बचत करावी लागली आणि फेरारी जवळ येत गेल्या. ५१ पैकी दोन फेऱ्या उरल्या असताना पहिल्या शिकेनमध्ये (वेग कमी करायला लावणाऱ्या नागमोडी वळणात) एक फेरी मागे असलेल्या श्लेसरच्या विल्यम्सशी त्याची टक्कर झाली. फेरारीचा बर्गर पहिला, आल्बोरेटो दुसरा. वर 'टोल्युइन' यांनी मांडलेला १५० लिटरचा हिशोब त्या दिवशी उलटला.

चाकोरी:
आता उलगडलं, मनापासून आभार. एक शंका: २.५ बार ही मर्यादा पाळली जाते हे तपासायचे कसे? आणि बूस्ट अगदी कडेला ठेवता यायचं का?

टोल्युइन:
प्रत्येक टर्बो इंजिनावर सील केलेला पॉप-ऑफ व्हॉल्व्ह (जादा दाब बाहेर सोडणारी झडप) बसवायचे. २.५ बार हा एकूण दाब आहे, म्हणजे वातावरणाच्या वर दीड बारच. दाब त्यापुढे गेला की व्हॉल्व्ह उघडतो आणि मग दाब मर्यादेवर थांबत नाही, तिच्या बराच खाली जातो. चालकाला ते गाडीने अचानक मान टाकल्यासारखं जाणवतं. म्हणून बूस्ट कडेच्या किंचित आतच ठेवायचं.